सीलिअ‍ॅक रोग आणि प्रसाधनांतील गहू

आपल्या बीड जिल्ह्यात ज्वारी-बाजरीची भाकरी रोजचीच. तीत ग्लूटेन नसते. त्यामुळे सीलिअ‍ॅक रोग असलेल्या ज्येष्ठांना गहू व जव वर्ज्य करणे फारसे अवघड जात नाही. मात्र साबण, तेल, क्रीम यांतील गव्हाचे काय, अशी शंका अनेकांना येते.

घाबरू नका. ग्लूटेनचे रेणू मोठे असतात. ते निरोगी त्वचेतून शोषले जात नाहीत. या रोगात इजा होते ती लहान आतड्याला, आणि तीही ग्लूटेन पोटात गेल्यावरच. म्हणून एकच प्रश्न विचारावा : ही वस्तू तोंडात जाईल का?

ओठांचे मलम, टूथपेस्ट, गुळण्यांचे औषध, कवळी चिकटवण्याची पेस्ट यांची वेष्टने अवश्य वाचा. तेथे गहू ‘ट्रिटिकम व्हल्गेर’, तर जव ‘हॉर्डियम व्हल्गेर’ या नावाने आढळतो. अक्षरे बारीक असल्यास नातवंडांकडून वाचून घ्या.

शुश्रूषा करणाऱ्यांनी कणीक मळल्यावर किंवा गहूयुक्त क्रीम लावल्यावर हात स्वच्छ धुऊनच रुग्णाला गोळी द्यावी, कवळी बसवावी.

एखादे प्रसाधन लावताच पुरळ उठल्यास ती अ‍ॅलर्जी असू शकते, वापर थांबवा. कोपर-गुडघ्यांवर खाजरे फोड वारंवार येत असतील, तर मात्र दोष प्रसाधनाचा नसून आहारातील ग्लूटेनचा असू शकतो. निदान झालेले नसल्यास तपासणीपूर्वी स्वतःहून गहू सोडू नका. रक्ततपासणीत रोग लपून राहतो. आधी डॉक्टरांना दाखवा.