पडवींतील जुनें एंजिन : ओळख आणि जीर्णोद्धार

गोंदियाहून डोंगरगडाकडे आगगाडीनें निघालें कीं सालेकशानंतर दरेकसा लागतें. जवळच कचारगडचे डोंगर व त्यांतील गुहा आहेत. माघ पौर्णिमेस तेथें गोंड बांधवांची मोठी यात्रा भरते. डोंगर संपला कीं धानाच्या बांध्या सुरू होतात. या मुलखांत धान कांडण्याचें काम पिढ्यान् पिढ्या स्त्रियांनीं उखळ-मुसळानें केलें. पुढें गिरण्या आल्या आणि हातांचा तो भार एंजिनानें उचलला. या बदलावर आक्षेपही आला. वर्ध्यास १९३४ सालीं स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघानें हातसडीच्या तांदुळाचा पुरस्कार केला. कारण गिरणींत अति सडलेल्या तांदुळांतून ‘ब’ जीवनसत्त्व निघून जातें. वाद कसाही असो, घराघरांतील स्त्रियांचा दिवस ज्या यंत्रानें पालटला, तें यंत्र इतिहासाचा साक्षीदार आहे, हें नाकारतां येणार नाहीं.

मालगुजारी १९५१ सालीं गेली, मागून वीज आली, आणि हीं एंजिनें बंद पडलीं. दरेकशासारख्या गांवीं एखाद्या वाड्याच्या पडवींत वा मोडक्या गिरणींत असें धूड आढळलें, तर पहिला विचार भंगारवाल्याचा येतो. तो तें लोखंडाच्या भावानें तोलतो. त्याचें वय व कुळ त्याच्या तराजूंत येत नाहीं. म्हणून विकण्यापूर्वीं, किंबहुना रंग देण्यापूर्वींही, एंजिन कोणतें हें ओळखावें.

या एंजिनांचें मूळ जर्मनींत आहे. निकोलस ऑटो यानें १८७६ सालीं चार ठोक्यांचें एंजिन सिद्ध केलें. इंग्लंडांत तें मँचेस्टरच्या क्रॉस्ले बंधूंनीं बनविलें. तें वायूवर चाले. जेथें शहरी वायूच्या नळ्या नव्हत्या, तेथें कोळसा, लांकूड किंवा भाताचें तूस भट्टींत अर्धवट जाळून एंजिनापुरता वायू काढीत. मागून तेलाचीं एंजिनें आलीं.

प्रकार ओळखण्यास तीन खुणा पुरतात. तेलाचा पंप नसून वायूची झडप, आणि जवळ मॅग्नेटो वा तापती नळी असेल, तर तें वायूचें एंजिन. डोक्यावर बाहेरून दिव्यानें तापविण्याचा लोखंडी गोळा असेल, तर जुनें तेलाचें. तेलाचा पंप व फवारा असून ठिणगीची वा गोळ्याची सोय नसेल, तर डिझेल.

यानंतर पितळी पट्टी पाहावी. ती एंजिनाची जन्मपत्रिकाच होय. तिला वाळूचा कागद कधींही लावूं नये. खडूची पूड चोळून तिरप्या उजेडांत अक्षरें वाचावीं. नांवावरूनही काळ बांधतां येतो. ‘रस्टन अँड हॉर्न्सबी’ असें जोडनांव असेल, तर एंजिन १९१८ नंतरचें. कारण त्या सालीं त्या दोन कंपन्या एक झाल्या. लिस्टरचें ‘सी. एस.’ १९२९ पासून निघालें. त्यावरील ‘६/१’ म्हणजे सहा अश्वशक्ति व एक सिलिंडर. किर्लोस्कर ऑईल एंजिन्स ही पुण्याची कंपनी १९४६ ची, म्हणून तिचें एंजिन त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. साताऱ्याच्या कूपर कारखान्याचें नांव दिसल्यास पट्टी विशेष जपावी. या देशांत डिझेल एंजिनें बनविण्याचा आरंभ करणाऱ्यांत त्याची गणना होते. मात्र लिस्टरच्या हुबेहूब नकला राजकोटास पुष्कळ झाल्या आहेत. नुसत्या रूपावरून निर्णय करूं नये. ओतीव अक्षरें, पट्टी व क्रमांक या तिन्हींचा मेळ बसला पाहिजे.

आतां दुरुस्ती. प्रत्येक भाग काढण्यापूर्वीं त्याचें छायाचित्र घ्यावें व भागास चिठ्ठी बांधावी. दट्ट्या गंजून बसला असेल, तर वरून घासलेट व पातळ तेल ओतून आठ-पंधरा दिवस वाट पाहावी. मग लांकडी ठोकळा ठेवून हलके ठोके द्यावे. ओतीव लोखंड ठिसूळ असतें. घाईनें मारलेला एक घण शंभर वर्षांचा ठेवा दुभंगतो. गंजलेले लोखंडी भाग साखर कारखान्याच्या मळीच्या पातळ द्रावणांत कांहीं आठवडे बुडवून ठेवले, तर धातूस फारशी इजा न होतां गंज सुटतो. पितळ व बेअरिंगचा पांढरा धातु मात्र त्यांत घालूं नये. सिलिंडरभोंवतींच्या पाण्याच्या कप्प्यांत क्षार साचले असतील ते काढून, पाणी भरून तडा आहे काय तें पाहावें. जुन्या सांध्यांतील भरण बहुधा अ‍ॅस्बेस्टॉसचें असतें. तें कोरडें खरवडूं नये, त्याची धूळ फुप्फुसांस घातक आहे. तें काम माहितगाराकडूनच करवावें. रंगाचा मूळ थर पट्टीखालीं सहसा टिकून असतो. तोच प्रमाण मानावा.

एंजिन चालूं झालें तरी सावधगिरी सुटूं नये. फ्लायव्हील फिरत असतां पदर, धोतर व मुलें दूर ठेवावीं. भट्टीच्या वायूंत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्यास वास नाहीं, पण तो प्राण घेतो. म्हणून बंद खोलींत असा प्रयोग करूं नये.

जें एंजिन चालण्याच्या पलीकडे गेलें आहे, तेंही फुकट जात नाहीं. गंज थांबवून, तेल लावून, पट्टीसह जागच्या जागीं उभें ठेवलें तरी पुरे. आणि शेवटचें काम माहितगार कारागिराचें नव्हे, घरच्यांचें आहे. तें कोणी आणलें, कोणत्या मिस्त्रीनें चालविलें, त्यावर कोणाकोणाचें धान सडून निघालें, हें वृद्धांना विचारून वहींत लिहून ठेवावें. सुटा भाग पुन्हा घडवितां येतो. आजीची आठवण एकदां गेली कीं कोणत्याही कारखान्यांत मिळत नाहीं.