ऐकायला एक, लिहायला दोन

एक इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहून पाहू : 'शी एट एट चिकूज.' घोलवड-डहाणूकडच्या मुलांना यातला चिकू लगेच कळेल. पण हे दोन 'एट' कशासाठी? पहिल्याचा अर्थ 'खाल्ले' आणि दुसऱ्याचा 'आठ'. तिने आठ चिकू खाल्ले, एवढाच मजकूर! इंग्रजीत पहिला शब्द ए-टी-ई असा लिहितात, तर दुसरा ई-आय-जी-एच-टी असा. आपली देवनागरी मुख्यतः उच्चार लिहिते, म्हणून तिच्यात दोन्ही एकसारखे दिसले.

अशा जोड्यांना समोच्चारी शब्द म्हणतात. मायक्रोफोन ऑसिलोस्कोपला जोडून हे दोन शब्द सारख्याच सुरात उच्चारले, तर पडद्यावरच्या लहरी पाहून कोणता कोणता हे सांगता येणार नाही. कानाच्या पडद्यावर आदळणारी लहरही तशीच असते. मग आपल्याला अर्थ कसा कळतो? शेजारच्या शब्दांवरून. 'शी'नंतर क्रियापद हवे आणि 'चिकूज'च्या आधी संख्या शोभते, असा हिशेब मेंदू क्षणार्धात करतो. ज्याला वाक्याची रचना ठाऊक नाही, त्याचा हा हिशेब चुकतो. म्हणून समोच्चारी शब्द आणि क्रियापदांचे काळ यांचा अभ्यास बरोबरीने करावा. 'न्यू', 'ब्ल्यू', 'रेड', 'थ्रू', 'सेंट' हे शब्द तपासा. प्रत्येकाच्या जोडीत एक तरी भूतकाळी क्रियापद सापडेल.

महाराष्ट्रात इ. स. २००० पासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवतात. पालघर जिल्ह्यात कुणाच्या घरी वारली बोलतात, कुणाच्या घरी कातकरी, तर कुणाच्या घरी गुजराती. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीमुळे हिंदी बोलणारी कुटुंबेही पुष्कळ. अशा वर्गात इंग्रजी ही अनेकांची तिसरी किंवा चौथी भाषा ठरते. तिची घोकंपट्टी करण्यापेक्षा तिच्यामागची कारणे समजून घेणे सोपे जाते.

न उच्चारलेली अक्षरे आली कोठून?

'नो' म्हणजे जाणणे. याच्या स्पेलिंगमध्ये आरंभी 'के' आहे. 'नाइट' म्हणजे रात्र. त्यात 'जी-एच' आहे. ही अक्षरे कोणी उगाच घातलेली नाहीत. काही शतकांपूर्वी इंग्रज लोक ती खरोखर उच्चारत. विल्यम कॅक्स्टनने १४७६ साली इंग्लंडमध्ये छापखाना काढला आणि पुढे छपाईमुळे स्पेलिंगे हळूहळू स्थिर होत गेली. उच्चार मात्र बदलतच राहिले.

या मुक्या अक्षरांत आपल्या ओळखीचे आवाज दडलेले आहेत. संस्कृत आणि इंग्रजी या एकाच जुन्या भाषेच्या दूरच्या वंशज आहेत. सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्याच्या व्याख्यानात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांचे मूळ एक असावे असे सांगितले आणि इंग्रजीचा वंशही त्याच कुळात असावा, असे सुचवले. आता ताडून पाहा. 'नो'मधल्या 'के'च्या जागी संस्कृतात 'ज्ञा' धातूतला ज आहे. गुडघ्याला इंग्रजीत 'नी' म्हणतात (के-एन-डबल ई), संस्कृतात 'जानु'. 'नाइट'चा भाऊ 'नक्त', तर 'एट'चा भाऊ 'अष्ट'. दोन या अर्थी 'टू' लिहिताना मध्ये 'डब्ल्यू' येतो, कारण तो 'द्वि'मधला व आहे! आणि खाल्ले या अर्थीचा 'एट'? तो 'अद्' म्हणजे खाणे या धातूचा नातलग. त्याच धातूपासून आपला 'अन्न' शब्द आला.

मराठीतही असे घडले आहे. श आणि ष आज आपण जवळजवळ सारखेच उच्चारतो, ऋ तर सर्रास 'रु' म्हणतो. म्हणून 'विशद'चे 'विषद' होते. 'दिन' आणि 'दीन' यांचा घोटाळाही त्याच जातीचा.

काळाची रेषा

आता क्रियापदांकडे वळू. 'पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते' आणि 'चहाचे पाणी उकळते आहे' यांतला फरक मराठी मुलाला कोणी शिकवावा लागत नाही. पहिला निसर्गनियम आहे, दुसरी या घटकेची घटना. इंग्रजीत अनुक्रमे 'बॉइल्स' आणि 'इज बॉइलिंग' येते.

घोटाळा होतो तो 'होतो'पाशी. 'मी काल पालघरला गेलो होतो' याचे भाषांतर मुले 'आय हॅड गॉन' असे करतात. तेथे 'आय वेंट' पुरेसे आहे. वहीत एक आडवी रेषा काढा, तिच्यावर 'आत्ता' हा बिंदू मांडा आणि डावीकडे भूतकाळ दाखवा. नुसत्या भूतकाळाला डावीकडे एकच बिंदू लागतो. 'हॅड'ला दोन लागतात : एक भूतकाळातली घटना आणि तिच्याही आधीची दुसरी. 'व्हेन आय रीच्ड बोईसर, द ट्रेन हॅड लेफ्ट.' म्हणजे मी पोचण्याआधीच गाडी गेली होती. येथे 'हॅड' काढून नुसते 'लेफ्ट' लिहिले, तर मी पोचलो आणि गाडी सुटली असा अर्थ होतो. धावत जाऊन ती पकडण्याची निदान आशा तरी उरते!

साल किंवा तारीख दिली की साधा भूतकाळ वापरावा. तारापूरचे अणुवीज केंद्र १९६९ साली सुरू झाले. तेथे 'स्टार्टेड' लिहावे, 'हॅज स्टार्टेड' नव्हे. प्रयोगवहीतही हाच विवेक हवा. नियम वर्तमानकाळात लिहावा, आपण केलेली कृती आणि घेतलेली मापे भूतकाळात. वजन आणि वाट पाहणे या दोहोंचा उच्चार 'वेट', पण पदार्थाच्या तक्त्यात वाट पाहून चालणार नाही.

एका शब्दाची किंमत

या चुकांनी केवळ गुण जातात असे नाही. २७ मार्च १९७७ रोजी टेनेरीफ बेटावरील विमानतळावर दाट धुके होते. एका जंबो जेटचा वैमानिक रेडिओवर म्हणाला, 'वुई आर नाऊ ॲट टेक-ऑफ.' नियंत्रकाला वाटले, विमान उड्डाणाच्या जागी थांबले आहे. प्रत्यक्षात ते धावू लागले होते. ते समोरच्या दुसऱ्या जंबोवर आदळले आणि ५८३ माणसे दगावली. वैमानिक डच होते. चालू क्रिया सांगण्याची डच धाटणी त्या इंग्रजी वाक्यात उतरली असावी, असे काही अभ्यासकांचे मत आहे. अपघाताला धुके, घाई, रेडिओतील व्यत्यय अशी इतरही कारणे होती.

१९ फेब्रुवारी १९८९ रोजी क्वालालंपूरजवळ एक मालवाहू विमान उतरत होते. २४०० फुटांपर्यंत खाली या, असे सांगताना नियंत्रक म्हणाला, 'डिसेंड टू फोर झीरो झीरो.' यातला 'टू' दोन हा आकडा होता. विमानातल्यांनी तो 'पर्यंत' या अर्थी घेतला आणि ४०० फुटांपर्यंत उतरायला सुरुवात केली. विमान टेकडीवर आदळले. चौघेही कर्मचारी मरण पावले.

करून पाहा

दोघांनी समोरासमोर बसावे. एकाने समोच्चारी शब्द असलेले वाक्य मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने ते लिहावे आणि कोणत्या शेजारी शब्दावरून आपण निर्णय घेतला ते सांगावे. प्रारंभी ही तीन वाक्ये घ्या :

१. 'आय न्यू द न्यू टीचर.'
२. 'द विंड ब्ल्यू द ब्ल्यू काइट अवे.'
३. 'शी रेड द रेड बुक.'

तिसऱ्या वाक्यात आणखी एक गंमत आहे. वाचणे या क्रियापदाचे स्पेलिंग वर्तमानात आणि भूतकाळात एकच असते, उच्चार तेवढा बदलतो. मग 'आय रीड' की 'आय रेड', हे छापील पानावर कसे ओळखाल? वाक्यात 'येस्टरडे' आहे की 'एव्हरी डे' ते शोधा. प्रत्येक वाक्यासाठी काळाची रेषाही काढा. शिक्षकांनी रोज पाच मिनिटे हा खेळ घेतला आणि मुलांना कारण तोंडी सांगायला लावले, तर उत्तर का चुकले हेही त्यांना वर्गातच समजेल.