डोक्याचा मार आणि घरचीं माणसें

दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला तरुण गृहस्थ तीन आठवड्यांनीं रुग्णालयांतून घरीं येतो, तेव्हां घरांत सणासारखा आनंद असतो. शेजारीपाजारी भेटून जातात, आई दृष्ट काढते. डॉक्टरांनीं 'आतां काळजी नाहीं' असें सांगितलेलें असतें आणि तें खरेंहि असतें. कारण डॉक्टरांना काळजी होती ती प्राणाची, व प्राण वांचलेला असतो. घरच्या माणसांची परीक्षा याच दिवसापासून सुरू होते, ही गोष्ट मात्र त्यांना बहुधा कोणीं सांगितलेली नसते.

पंधरा दिवस बरे जातात. मग चहा थोडा निवलेला मिळाला एवढ्यावरून तो आईच्या अंगावर धांवून जातो. एकच प्रश्न तासाभरांत चार वेळां विचारतो. टेलिफोनवर बोलतां बोलतां गॅसवर दूध ठेवल्याचें विसरतो. जागा झाला तरी कोणीं सांगितल्यावांचून आंघोळीला जात नाहीं. बँकेंतील नोकरीवर रुजू होतो, आणि पूर्वीं अर्ध्या तासांत उरकणारें काम संध्याकाळपर्यंत पुरें होत नाहीं म्हणून चौथ्या दिवशीं डोकें धरून बसतो. हातपाय धड आहेत, बोलणें स्पष्ट आहे, टांक्यांची खूणहि केसांखालीं झांकून गेली आहे. मग घरचे आपापलें निदान करतात. वडील म्हणतात आळस, भाऊ म्हणतो हेका, सासरकडचें कोणी म्हणतें कीं दुखण्याचें सोंग आहे. पत्नी कांहींच म्हणत नाहीं. रात्रीं मात्र तिला वाटतें कीं घरीं आलेला मनुष्य कोणी दुसराच आहे. या सर्वांत सत्याच्या जवळ कोणी असेल तर ती.

मेंदू हा सुमारें १४०० ग्रॅम वजनाचा अत्यंत मऊ अवयव कवटीच्या पेटींत पाण्यासारख्या द्रवानें वेढलेला असतो. वेगानें जाणारें डोकें रस्त्यावर आपटून थांबतें, पण आंतील मेंदू त्याच क्षणीं थांबत नाहीं. तो हाडावर आदळतो आणि आदळतांना पिळवटलाहि जातो. कवटीचा तळ पुढच्या बाजूस खडबडीत असल्यामुळें कपाळामागचा व कानशिलांमागचा भाग विशेष दुखावतो. कामाला हात घालणें, राग आवरणें, दोन गोष्टींचा क्रम लावणें, नुकतेंच ऐकलेलें ध्यानांत ठेवणें, हीं सारीं कामें मुख्यतः याच भागांकडे असतात. शिवाय पिळवटण्यामुळें मज्जातंतूंचे लांब धागे ठिकठिकाणीं ताणले जातात, कांहीं तुटतात. ते इतके सूक्ष्म असतात कीं सी. टी. स्कॅनच्या चित्रांत त्यांची हानि पुष्कळदां दिसतच नाहीं. हें चित्र काढतात तें रक्तस्राव व मोडलेलें हाड पाहण्यासाठीं, आणि त्या कामीं तें उत्तम आहे. 'स्कॅन चांगला आहे' याचा अर्थ बहुतेक वेळीं तांतडीच्या शस्त्रक्रियेचें कारण दिसत नाहीं, एवढाच घ्यावयाचा. मेंदू पूर्ववत् झाला असा अर्थ जीं कुटुंबें त्यांतून काढतात, तीं पुढें रुग्णावर आणि स्वतःवर सारखाच अन्याय करतात.

डोक्याच्या माराबरोबर स्वभावहि बदलतो, हें जगाच्या ध्यानांत आणून देणारा मनुष्य एक मुकादम होता. १३ सप्टेंबर १८४८ रोजीं अमेरिकेंतील व्हरमाँट राज्यांत, कॅव्हेंडिश गांवाजवळ, आगगाडीच्या रस्त्यासाठीं खडक फोडण्याचें काम चालू होतें. फिनिअस गेज नांवाचा २५ वर्षांचा मुकादम सुरुंगाची दारू ठांसत असतां स्फोट झाला, आणि साडेतीन फुटांहून लांब व सुमारें ६ किलो वजनाची लोखंडी पहार त्याच्या डाव्या गालांतून शिरून माथ्यांतून बाहेर पडली. मनुष्य वांचला. थोड्याच वेळांत तो बोलूं लागला. जॉन हार्लो या डॉक्टरनें त्याच्यावर उपचार केले, आणि १८६८ सालीं त्यानेंच प्रसिद्ध केलें कीं पूर्वींचा नेमस्त, कामाला चोख मुकादम अपघातानंतर चंचल, हट्टी व शिवराळ झाला होता. मालकांनीं त्याला जुन्या जागीं परत घेतलें नाहीं, आणि जुन्या मित्रांना तो ओळखीचाच वाटेना.

बहुतेक पुस्तकें येथेंच थांबतात. घरच्या माणसांना उपयोगी भाग मात्र पुढेंच आहे. १८५२ सालीं गेज दक्षिण अमेरिकेंतील चिली देशांत गेला आणि तेथें कित्येक वर्षें उतारूंची घोडागाडी हांकीत होता. ठराविक वेळीं उठावयाचें, घोडे जुंपावयाचे, उतारू घ्यावयाचे, ठरलेल्या वाटेनें गाडी न्यावयाची. आज काय करावें हें रोज नव्यानें ठरविण्याचा प्रसंगच नाहीं. माल्कम मॅकमिलन या अभ्यासकानें अलीकडे असें मत मांडलें आहे कीं या चाकोरीनेंच गेजला पुष्कळसें सांवरलें असावें. पुढें अपस्माराचे झटके येऊन १८६० सालीं तो वारला. परंतु मधल्या वर्षांत तो स्वतःच्या कमाईवर जगत होता, हें विसरतां येत नाहीं.

आज मेंदूच्या पुनर्वसनाच्या शाखेंत ज्या गोष्टी शिकवितात, त्यांतील बऱ्याच या घोडागाडीशीं जुळतात. उठण्याची, जेवणाची, फिरण्याची वेळ एकच ठेवावी. एका वेळीं एकच गोष्ट सांगावी. रेडिओ, पाहुणे आणि हिशेब एकाच खोलींत एकाच वेळीं नसावेत. दिवसाचीं कामें भिंतीवरच्या फळ्यावर लिहावींत. 'आतांच तर सांगितलें' या उत्तरानें स्मृति परत येत नाहीं, फक्त भांडण होतें; फळ्याकडे बोट दाखविलें तर त्याला उत्तर मिळतें व दोघांचाहि मान राहतो. दुपारचा थकवा हा आळस नव्हे. दुखावलेला मेंदू तेंच काम अधिक श्रम घेऊन करीत असतो. मद्य मात्र पूर्ण वर्ज्य.

माहिती कोठें मिळावयाची? सुशिक्षित घरांत हल्लीं पुतण्या किंवा भाची इंटरनेटवर रात्रभर वाचीत बसते आणि सकाळीं सर्वांना अधिकच घाबरवून सोडते. पहिली माहिती घरांतील कागदांतच असते. रुग्णालयानें दिलेल्या कागदावर ग्लासगो मापाचा आंकडा बहुधा लिहिलेला असतो. ग्लासगो येथील ग्रॅहॅम टीझडेल व ब्रायन जेनेट यांनीं १९७४ सालीं हें माप प्रसिद्ध केलें. डोळे उघडणें, बोलणें आणि हालचाल यांचे गुण मिळून ३ ते १५ असा आंकडा येतो. १३ च्या वर सौम्य, ८ किंवा त्याखालीं गंभीर. १३ असला तरी तो सौम्यांतच धरतात, आणि सौम्य इजेनंतरहि महिनोन् महिने त्रास होऊं शकतो. दुसरी एक माहिती फक्त घरचेच देऊं शकतात, ती म्हणजे अपघातानंतर किती दिवसांनीं त्याला कालचें आज सलग आठवूं लागलें. हा काळ जितका लांब, तितकी इजा खोल असें वैद्य सामान्यतः समजतात. तो तारखेसह लिहून ठेवावा.

यासाठीं एक साधी वही पुरते. तींत मेंदूचा कोणता भाग दुखावला, झटक्यांचें औषध किती दिवस घ्यावयाचें, वाहन केव्हां चालवावयाचें, पुढें कोणाकडे जावयाचें, हे प्रश्न आधींच लिहून न्यावेत व उत्तरेंहि तेथेंच लिहावींत. वहीचा आणखी एक उपयोग आहे. आपल्यांत उणीव आली आहे हें पुष्कळ रुग्णांना जाणवतच नाहीं. तें न जाणवणें हाहि इजेचाच भाग असतो. असा मनुष्य डॉक्टरांसमोर दहा मिनिटें उत्तम बोलतो आणि 'मला कांहीं होत नाहीं' म्हणून उठतो. पत्नीनें मागें बसून अश्रु ढाळण्यापेक्षां तारीखवार लिहिलेलीं दोन पानें पुढें केलीं, तर डॉक्टरांना अधिक कळतें.

मेंदूवर शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांचें काम झाल्यावर पुढचें काम इतरांचें असतें, आणि त्यांचीं नांवें मागितल्यावांचून क्वचितच मिळतात. स्मृति, अवधान व वागणूक मोजणारे मेंदू-मानसशास्त्रज्ञ, बोलण्यागिळण्याचे उपचार करणारे वाचातज्ज्ञ, आणि आंघोळीपासून नोकरीपर्यंतचीं कामें पुन्हां शिकविणारे व्यवसायोपचारतज्ज्ञ असे हे तीन मुख्य. यांतील शेवटची विद्या मुंबईला नवी नाहीं. कमला निंबकर यांनीं १९५० सालीं के. ई. एम. रुग्णालयांत तिची शाळा काढली. मुंबईंत हाजी अलीजवळ पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आहे, वांद्र्यास वाचा व श्रवण यांची अली यावर जंग संस्था आहे, आणि बंगळुरास निम्हान्स आहे. चमत्कारिक इंजेक्शनांनीं मेंदू पुन्हां उगवून देण्याचें आश्वासन जेथें मिळेल, तेथें पैसे भरूं नयेत.

वैद्यांपाशीं नसलेली एक माहिती मात्र ज्यांच्या घरीं हें घडून गेलें आहे त्यांच्यापाशींच असते. इंग्लंडांत १९७९ सालीं अशा कुटुंबांसाठीं 'हेडवे' ही संस्था निघाली. अमेरिकेंत मॅरिलिन स्पिव्हॅक या बाईंनीं, मुलगी मोटार-अपघातांत जायबंदी झाल्यावर तिच्यासाठीं कोठेंच कांहीं सांपडेना म्हणून, १९८० सालीं राष्ट्रीय संस्था काढली. भारतांत जोधपूरचे गजसिंह यांनीं, पुत्र शिवराजसिंह यांना २००५ सालीं पोलो खेळतांना डोक्यास गंभीर इजा झाल्यानंतर, २००७ सालीं इंडियन हेड इंजुरी फाउंडेशन स्थापिलें. जवळपास अशी मंडळी नसेल तर व्यवसायोपचाराच्या विभागांत बाहेर बांकावर बसलेल्या दुसऱ्या कुटुंबाशीं बोलावें. पुष्कळदां तेवढ्यानेंहि सुरुवात होते.

कागदोपत्रीं गोष्टी थोडक्यांत सांगण्यासारख्या आहेत. अपघात वाहनाचा असेल तर नुकसानभरपाईचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढें चालतो. २०१९ च्या दुरुस्तीनें अर्जाला अपघातापासून ६ महिन्यांची मुदत घातली, म्हणून वकिलाला लौकर गांठावें आणि स्मृति व वागणूक यांच्या तपासणीचे कागदहि त्याला द्यावेत, नाहींतर भरपाई केवळ मोडलेल्या हाडाची मागितली जाते. कायमचें अपंगत्व राहिल्यास २०१६ च्या कायद्याखालीं दाखला मिळण्याची वाट आहे.

घरीं आल्यावरहि डोकेदुखी वाढत गेली, वारंवार उलट्या झाल्या, गुंगी येऊं लागली, झटका आला, किंवा एक हात लुळा पडला, तर वही बाजूला ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वयस्क माणसांत, विशेषतः रक्त पातळ करणारें औषध चालू असल्यास, कवटीखालीं रक्त सांचणें कांहीं आठवड्यांनींहि ध्यानांत येतें.

राहतां राहिली ती शुश्रूषा करणारी. सहा महिने झोप नाहीं, माहेरीं बोलण्याची सोय नाहीं, आणि पूर्वींचा नवरा गेल्याचें दुःखहि करतां येत नाहीं, कारण तो समोर बसलेला आहे. तिच्यासाठीं आठवड्यांतील एक दुपार दिरानें किंवा नणंदेनें वांटून घ्यावी. सरकारचा 'टेली-मानस' हा १४४१६ क्रमांक २०२२ सालीं सुरू झाला. तेथें मराठींतहि बोलतां येतें, आणि फोन करण्यास रुग्णच असावें लागतें असें नाहीं.

सुधारणा पहिल्या सहा महिन्यांत बहुधा झपाट्यानें होते, मग मंद, आणि कित्येकांच्या बाबतींत वर्षानुवर्षें थोडी थोडी चालूच राहते. बँकेंतील त्या गृहस्थानें चौथ्या दिवशीं राजीनामा लिहूं नये. तज्ज्ञाचें पत्र घेऊन वरिष्ठांना भेटावें, आणि पहिले कांहीं आठवडे रोज दोनच तास, खिडकीवरची गर्दी टाळून, एकाच प्रकारचें काम मागावें.