पाहुणे आले की फक्त तारकर्लीच का? धामापूर, पिंगुळी, मांडवी खाडी आणि सावंतवाडी अशी एका दिवसाची सहल

मे महिन्यात नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत मुंबईचे पाहुणे आले की गाडी सरळ तारकर्लीला जाते. वॉटर स्पोर्ट, मासळीचं ताट, फोटो, की दिवस संपला. त्यात वाईट काही नाही. पण आपल्याच जिल्ह्यात तलाव, खाडी, बाग आणि हातकला एका दिवसात दाखवता येतात. त्यातला पैसाही थेट गावातल्या माणसाच्या हातात पडतो. पर्यावरणपूरक पर्यटन म्हणतात ते हेच. जागा खराब करायची नाही, आणि ती जपणाऱ्याला चार पैसे मिळतील असं फिरायचं.

सकाळी लवकर कुडाळहून नेरूरमार्गे धामापूर गाठा. भगवती देवीच्या मंदिराला लागून असलेला हा तलाव 1530 साली मातीचा बांध घालून बांधला, असं सांगतात. आज इतकी वर्षं झाली तरी त्याचं पाणी शेतीला आणि बागायतीला जातं. म्हणूनच 2020 साली त्याला जागतिक वारसा सिंचन स्थळाचा मान मिळाला. भोवती दाट झाडी, खाली माड-पोफळीच्या बागा. बांधाखालच्या बागेत जरा थांबून बघा. वर माड, त्याखाली पोफळ, पोफळीवर चढलेला मिरीचा वेल, सावलीत जायफळ, तळाला केळ नि अननस. एकाच जमिनीत चार मजले! वरचं झाड खालच्याला सावली देतं, गळलेली झावळं कुजून खत होतात, नि पाटाचं पाणी सगळ्यांना पुरतं. आपल्याला हे रोजचं वाटतं, पण शहरातल्या मुलाने मिरी वेलावर लागलेली कधी बघितलेली नसते. तलावात मात्र साबण लावून अंघोळ नको, आणि वेफर्सची पाकिटं परत गाडीत टाका.

परत येताना कुडाळजवळ पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ जिवंत ठेवला आहे. चित्रकथी म्हणजे रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची कागदावर रंगवलेली चित्रं. कलाकार एकेक चित्र पुढे धरतो आणि वाद्याच्या साथीवर गोष्ट गाऊन सांगतो. आपल्या आजीआजोबांच्या काळातला सिनेमाच तो. ही कला टिकवल्याबद्दल पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. त्यांच्या कुटुंबाने गुरांच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं. जाण्याआधी फोन करा, म्हणजे खेळ बघायला मिळेल. आणि खेळ बघून नुसतं 'छान' म्हणून उठू नका. मानधन द्या, एखादं चित्र विकत घ्या. पद्मश्रीने नाव होतं, पण पुढच्या पोराने ही कला शिकायची की नोकरी धरायची, हे त्यावर पोट भरतं का यावर ठरतं.

दुपारी वेंगुर्ला. वाटेत जेवण घरगुती खानावळीत घ्या. वेंगुर्ल्याचं फळ संशोधन केंद्र काजूच्या 'वेंगुर्ला' जातींसाठी ओळखलं जातं. तुमच्या बागेत वेंगुर्ला-4 किंवा वेंगुर्ला-7 असेल तर तिचं माहेर हेच. आत जायला आधी विचारून घ्या.

खरी मजा मांडवी खाडीत. 'स्वामिनी' बचतगटाच्या महिला इथे पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात. होडी वल्ह्यांनी चालते, इंजिन नाही. म्हणून खंड्या, बगळे पळून जात नाहीत. चिखलातून वर आलेली तिवराची खुंट्यांसारखी मुळं ही त्याची नाकं आहेत. चिखलात हवा नसते, म्हणून झाड वरून श्वास घेतं. कांदळाचं बी तर झाडावरच रुजतं. लांब शेंगेसारखं रोप तयार होतं आणि खाली पडून चिखलात उभं राहतं. याच मुळांच्या जाळीत माशांची पिल्लं आणि कुर्ल्या वाढतात. कांदळवन तोडलं की किनारा झिजतो, खारं पाणी शेतात शिरतं, आणि खाडीत जाळं टाकणाऱ्याच्या हाताला कमी लागतं. 2020 साली पांढरी चिपी हा आपला राज्य कांदळवन वृक्ष झाला. तरीही कुठे कुठे कांदळात भराव पडतोच, हे वेगळं सांगायला नको.

होडीची वेळ भरती-ओहोटीवर असते. त्यासाठी ॲप लागत नाही, जुनं गणित आहे. तिथीची पाऊणपट करा, साधारण तितक्या वाजता भरती. पंचमी असेल तर पावणेचार, अष्टमीला सहा. पुढे सहाएक तासांनी ओहोटी. तरी गटाला आदल्या दिवशी फोन करून खात्री करा, नाहीतर तुम्ही काठावर आणि होडी चिखलात. पावसाळ्यात जाऊच नका.

संध्याकाळी सावंतवाडी. मोती तलावाला फेरी मारून चितार आळीत शिरा. लाकडी फळं, भाज्या, भातुकली, पाट असं सगळं मिळतं. राजवाड्यात गंजिफा बघायला विसरू नका. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे बारा-बारा मिळून 120 गोल पत्ते असतात, एकेक हाताने रंगवलेला. खेळणारे जवळजवळ उरले नव्हते, तेव्हा भोसले राजघराण्याने कारागीर बसवून ही कला पुन्हा उभी केली.

खेळणी घेताना दुकानदाराला सरळ विचारा, 'हे इथलंच का?' बाजारात बाहेरून आलेला मालही असतो, आणि मशीनचा तुकडा स्वस्त पडतो. सांगणारे खरं सांगतात. हाताने रंगवलेलं असेल तर पन्नास रुपयांसाठी घासाघीस करू नका, आणि पिशवी घरूनच न्या.

एसटीने हे सगळं एका दिवसात उरकणं कठीण. चार-पाच जण मिळून गाडी केलीत तर बरं पडेल. नाहीतर पिंगुळी-धामापूर एक दिवस आणि वेंगुर्ला-सावंतवाडी दुसऱ्या दिवशी करा.