मांजर घरी आलं नाही तर...

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)

मांजर पाळणाऱ्या घरात बहुधा दोन पक्ष असतात. एक पक्ष म्हणतो, ‘येईल गं, मांजरच ते, कुठं जातंय!’ दुसरा पक्ष रात्री साडेबाराला उठतो, मागचं दार उघडतो, दोनदा हाक मारतो आणि ताटलीतलं दूध तसंच आहे हे पाहून परत अंथरुणावर पडतो. झोप काही लागत नाही. सकाळी माझ्या दवाखान्यात फोन येतो तो या दुसऱ्या पक्षाचा. पुण्याच्या पेठांमध्ये मी बरीच वर्षं जनावरांवर औषधोपचार करते आहे. ‘डॉक्टर, आमचं मांजर कालपासून आलं नाही, किती दिवस वाट बघायची?’ हा प्रश्न मी इतक्या वेळा ऐकला आहे, की आज त्याचंच उत्तर जरा सविस्तर द्यावं असं ठरवलं.

पहिली गोष्ट, कोण आलेलं नाही, हे मी विचारते. नसबंदी न केलेला बोका असेल तर दोन-तीन दिवसांची त्याची गैरहजेरी फारशी मनावर घेऊ नये. दिवस मोठे होऊ लागले, म्हणजे साधारण संक्रांत उलटली, की भाट्या माजावर येऊ लागतात. गर्भ राहिला नाही तर दोन-तीन आठवड्यांनी त्या पुन्हा माजावर येतात. त्यांच्यामागे फिरणाऱ्या बोक्याला घर, दूध, मालक कशाचीच आठवण राहत नाही. चौथ्या दिवशी तो येतो, कान फाटलेला, पोट खपाटीला गेलेलं, आणि येऊन असा झोपतो की जणू काही झालंच नाही.

नसबंदी झालेलं, दोन्ही वेळच्या जेवणाला घड्याळ लावल्यासारखं हजर होणारं मांजर मात्र वेगळं. त्याची लागोपाठ दोन जेवणं चुकली, तर त्याच रात्री बाहेर पडून शोधावं असं मी सांगते. शेजारच्यांचं मांजर आठवडाभर भटकून येतं म्हणून आपलंही येईल, हा हिशेब चुकीचा. आपल्या मांजराची रोजची सवय हेच माप धरायचं.

आणि तिसरी, जिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही, ती पिल्लं असलेली भाटी. ती दिसेनाशी झाली तर लोक म्हणतात, पिल्लं सात घरं फिरवत असेल. पिल्लं हलवणं खरंच आहे. जागेला वास येऊ लागला, कुणी सारखं डोकावू लागलं, की ती एकेकाला मानेशी धरून दुसरीकडे नेते. पण पिल्लं आपल्या माळ्यावर ओरडत आहेत आणि ती नाही, असं असेल तर दिवस नव्हे, तास मोजावे लागतात. पहिल्या एक-दोन आठवड्यांत पिल्लांना दर दोन-तीन तासांनी दूध लागतं आणि आईच्या अंगाची ऊब तर त्याहून आधी लागते. गाभण भाटी नाहीशी होते ती गोष्ट निराळी. त्रेसष्ट ते पासष्ट दिवस भरत आले की ती एखादी अडगळ शोधून व्यायला जाते. ती एकदा तरी खायला येतेच. तेव्हा फक्त ती कुठल्या दिशेनं परत जाते एवढं बघून ठेवावं.

आता मांजर जातं तरी किती लांब? आपली कल्पना अशी, की ते भटकत भटकत नदीपलीकडे वगैरे गेलं असणार. 2020 साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा देशांतल्या 925 पाळीव मांजरांच्या गळ्यात उपग्रहाद्वारे जागा कळवणारी यंत्रं बांधून ती कुठं फिरतात हे पाहण्यात आलं. त्यांचा वावर सरासरी 3.6 हेक्टर, म्हणजे जेमतेम नऊ एकरांत होता. आणि बहुतेकांनी आपला बराचसा वेळ घरापासून शंभरेक मीटरच्या आतच काढला. ही मांजरं परदेशी उपनगरांतली, हे खरं. आपल्याकडे नऊ एकरांत पेठेतल्या कितीतरी गल्ल्या येतात. त्यात वाडे, इमारती, दुकानं, गोदामं, पत्र्याची छपरं आणि शंभर बंद दारं असतात. म्हणजे आपलं मांजर लांब गेलेलं नसतं, पण जवळच्या जवळ हरवायला त्याला जागा मात्र पुष्कळ असतात.

हरवलेल्या मांजरांबद्दलही असाच एक अभ्यास 2018 साली झाला. 1210 हरवलेल्या मांजरांच्या मालकांकडून माहिती गोळा केली गेली. सुमारे एकतृतीयांश मांजरं सात दिवसांत जिवंत सापडली, वर्षभरात 61 टक्के. सापडलेल्यांपैकी तीन चतुर्थांश पाचशे मीटरच्या आत होती. आणि ज्यांनी स्वतः हिंडून, वाकून, डोकावून शोध घेतला, त्यांना मांजर जिवंत मिळण्याची शक्यता जास्त होती. ‘येईल गं’ म्हणणाऱ्या पक्षाला मी ही शेवटची गोष्ट मुद्दाम सांगते. सगळीच मांजरं आपली आपण येत नाहीत. कारण पुष्कळदा त्यांना येताच येत नसतं.

येता का येत नाही? सगळ्यात साधं कारण म्हणजे ते कुठंतरी कोंडलं गेलेलं असतं. दुकानाचं शटर खाली येतं, लिफ्टच्या यंत्राची खोली बंद होते, गच्चीवरच्या टाकीच्या खोलीला कुलूप लागतं. थंडीत गाडीच्या बॉनेटखाली ऊब मिळते म्हणून मांजरं तिथं शिरतात आणि सकाळी गाडीबरोबर भलत्याच उपनगरात पोहोचतात. मे महिना सगळ्यात वाईट. कुटुंब गावाला निघतं, सामानाच्या गडबडीत दार उघडं राहतं, मांजर आत शिरतं, कुलूप लागतं. अशा एका फ्लॅटमधलं मांजर माझ्याकडे आणलं होतं. शेजारच्या बाई अगदी सहजपणे म्हणाल्या, ‘दोन दिवस ओरडत होतं हो, मग थांबलं, म्हणून आम्हाला वाटलं गेलं असेल.’ ते गेलं नव्हतं. त्याच्यात ओरडायची ताकद राहिली नव्हती. पुण्यातला मे महिना, बंद खिडक्या आणि पाण्याचा थेंब नाही. सलाइन लावलं, पण ते दुसऱ्या दिवशी गेलं. त्याचं घर वरच्याच मजल्यावर होतं.

दुसरं कारण लोकांना पटवणं अवघड जातं. दुखावलेलं किंवा घाबरलेलं मांजर हाकेला ओ देत नाही. कुत्रा विव्हळतो, माणूस ओरडतो. मांजर गप्प बसतं. याचं कारण त्याच्या वंशात आहे. आपलं मांजर आफ्रिकेतल्या रानमांजराच्या कुळातलं. हे जनावर एकटं शिकार करतं आणि मोठ्या जनावरांची शिकारही होतं. त्याचा कळप नसतो, मदतीला कुणी येणार नसतं. तेव्हा जखमी झाल्यावर आवाज करणं म्हणजे शत्रूला पत्ता सांगणं. म्हणून ते अंधारी, अरुंद जागा बघतं आणि हलत नाही. मालक तीन फुटांवरून ‘मनी, मनी’ करत जातो आणि मनी डोळे विस्फारून बघत राहते. तिचं प्रेम आटलेलं नसतं, भीती त्याहून मोठी झालेली असते.

यातूनच तो समज आला असावा, की मांजराला मरण कळतं आणि ते मरायला घर सोडून जातं. हा समज जीव घेतो, म्हणून मी त्याच्याशी भांडते. मांजर मरायला जात नाही, दुखतं म्हणून लपतं. आणि ज्यामुळे दुखतं ते पुष्कळदा बरं होण्यासारखं असतं. बोक्यांच्या भांडणातलं गळू फोडून धुतलं की चार दिवसांत उतार पडतो. बोक्याची लघवी तुंबली तर वेळेवर नळी घालून ती मोकळी करता येते. तसंच दोन-तीन दिवस गेलं तर मात्र तो वाचत नाही. ‘गेलं असेल मरायला’ म्हणून घरचे हात जोडून बसलेले असतात आणि ते जिन्याखाली वाट बघत असतं.

पेठांमध्ये आता आणखी एक कारण वाढलं आहे. वाडे पडताहेत. कुटुंबं बिल्डरनं दिलेल्या भाड्यावर दोन गल्ल्या पलीकडे राहायला जातात, मांजर पिशवीतून नेतात आणि दुसऱ्या दिवशी सवयीनं दार उघडं ठेवतात. मांजराला माणसं कळतात, पण त्याचा नकाशा जागेचा असतो. शनिवार पेठेतलं एक आजी-आजोबांचं मांजर असंच चौथ्या दिवशी गेलं. मुलगा नव्या इमारतीभोवती शोधत राहिला. आजी मात्र म्हणत होत्या, ‘वाड्यात बघा.’ वाड्याची कौलं उतरवली होती, वासे काढणं चाललं होतं. आजोबांनी मुकादमाला विनंती केली, त्यानं तासभर काम थांबवलं. मांजर जिन्याखालच्या फडताळात सापडलं, मागचा पाय मोडलेला, पाच दिवसांचं उपाशी. जाड मांजर बरेच दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते आणि मग समोर अन्न ठेवलं तरी ते तोंड लावत नाही. त्याला जवळजवळ दोन आठवडे नळीनं भरवावं लागलं. आता ते त्याच भाड्याच्या घरात खिडकीत बसतं. नव्या जागी गेल्यावर निदान दोन-तीन आठवडे मांजराला बाहेर सोडू नये, ते याचसाठी.

शोधायचं कसं, हे विचारलं की मी म्हणते, आधी गर्दी टाळा. चारजणांनी मिळून हाका मारल्या की लपलेलं मांजर आणखी आत सरकतं. रस्ता शांत झाल्यावर, अकरानंतर किंवा पहाटे, एकानं निघावं. बॅटरी आपल्या डोळ्यांच्या उंचीला धरावी, म्हणजे त्याच्या डोळ्यांच्या पडद्यामागचा चकाकणारा थर आपल्याला उजेड परत देतो. दहा पावलं चालावं, थांबावं, ऐकावं. हाक रोजचीच मारावी, रोजच्याच आवाजात. ताटली वाजवायची सवय असेल तर ताटली वाजवावी. आणि शेजाऱ्यांना ‘आमचं मांजर पाहिलंत का?’ एवढंच विचारून परत फिरू नये. ‘नाही हो, इकडे नाही’ हे उत्तर माणूस कुलूप न उघडताच देतो. ‘जरा माळ्यावर बघू का? गाडीखाली बघू का?’ असं म्हणून स्वतः बघावं. वॉचमन, झाडणाऱ्या मावशी आणि दूधवाला यांना सोसायटीच्या चेअरमनपेक्षा नेहमी जास्त माहिती असते. सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फोटो टाकावाच, पण तेवढ्यावर भागलं असं समजू नये.

कधीकधी या शोधात भलतंच काही निघतं. माझ्याकडे येणारं एक मांजर एका घरी मोत्या होतं, दुसऱ्या घरी शास्त्रीबुवा. दोन्हीकडे जेवायचं आणि दोन्हीकडून लसही टोचून घ्यायचं. मांजर उपवास करून आल्यासारखं वाटत नसेल तर गळ्यात सैल कागदाची पट्टी लावून त्यावर ‘हे तुमच्याकडे येतं का?’ असं लिहून पाठवावं. पट्टा बांधायचाच असेल तर अडकल्यावर आपोआप सुटणारा घ्यावा. घट्ट पट्टा फांदीत अडकून फास लागतो.

मांजर परत आलं की आनंदाच्या भरात वाटीभर दूध समोर ठेवू नका. आधी नखं बघा. सगळ्या पायांची नखं घासून फाटलेली असतील तर गाडीचा धक्का लागलेला असू शकतो, बाहेर जखम दिसो वा न दिसो. हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील किंवा नाकातून रक्त येत असेल तर उंदराच्या औषधाचा संशय घ्यावा. विष खाल्लेला उंदीर खाऊनही मांजराला विषबाधा होऊ शकते. ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल तर चुकूनही देऊ नका. आपल्याला साधी वाटणारी ती गोळी मांजराला मारते. आणि परत आलेलं मांजर विचित्र वागत असेल, विनाकारण अंगावर येत असेल, चावलं किंवा बोचकारलं असेल, तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करावी. इथं ‘बघू उद्या’ चालत नाही.

मुळात हे भटकणं कमी करायचं तर पाचव्या महिन्याच्या सुमाराला नसबंदी करून घ्यावी आणि रात्रीचं जेवण दिवेलागणीला देऊन दार लावून घ्यावं. पोटभर जेवणारं मांजर त्या वेळेला स्वतःच येऊन बसतं. दिवाळीच्या चार रात्री तर दुपारपासूनच आत घ्यावं.

किती दिवस शोधायचं, असं शेवटी विचारतात. पहिला आठवडा रोज रात्री, मग महिनाभर आठवड्यातून दोनदा तरी, शटरं आणि कुलपं उघडतील त्या-त्या वेळी. तीन महिन्यांनंतर जिवंत सापडणारी मांजरं फार थोडी, हे मी लपवत नाही. तोवर मागच्या दारातली ताटली उचलू नका म्हणते. गावाला गेलेली कुटुंबं जूनमध्ये शाळा उघडायच्या आधी परत येतात. त्यांच्याकडे त्याच संध्याकाळी जाऊन विचारा.