बाइलवेडा राजा

बायकोपायी भान हरपलेल्याला मराठीत ‘बाइलवेडा’ म्हणतात, संस्कृतात ‘स्त्रैण’. दोन्ही शब्दांत हेटाळणी आहे आणि ती मला खटकते. कालिदासाच्या ‘रघुवंशा’तला अज पाहा. त्याची इंदुमती विदर्भाची राजकन्या, म्हणजे आपल्याकडचीच! नारदांच्या वीणेवरची दिव्य माळ अंगावर पडली आणि ती गेली. आठव्या सर्गातला अजाचा विलाप त्यानंतरचा. वसिष्ठांनी शिष्याकरवी उपदेश धाडला, पण दुःखाने भरलेल्या मनात तो उतरलाच नाही. मुलगा दशरथ लहान, म्हणून अज 8 वर्षं कसाबसा जगला. मग अन्न सोडलं आणि गंगा-शरयूच्या संगमावर देह ठेवला. कालिदासाने त्याला कुठेही हिणवलेलं नाही. हा सर्ग मराठी अनुवादात का होईना, जरूर वाचा.