पांढऱ्या पेशी पुरेशा, तरी जखम का चिघळते?

नवा बूट चावून झालेली किरकोळ जखम दोन आठवडे उलटूनही भरत नाही. रक्ततपासणीत पांढऱ्या पेशींची संख्या मात्र सर्वसाधारण मर्यादेत. मधुमेह असलेल्या अनेकांना हे कोडे पडते. त्याचे एक उत्तर या पेशींमधील विकरांत, म्हणजेच एन्झाइममध्ये दडलेले आहे.

जंतुसंसर्ग होताच सर्वप्रथम धावून येतात त्या न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी. जंतू गिळल्यावर त्यांच्यातील एनएडीपीएच ऑक्सिडेज हे विकर प्राणवायूपासून सुपरऑक्साइड तयार करते. त्याचे पुढे हायड्रोजन पेरॉक्साइड होते आणि मायलोपेरॉक्सिडेज हे दुसरे विकर त्यापासून जहाल जंतुनाशक आम्ल बनवते.

या प्रक्रियेचे इंधन म्हणजे एनएडीपीएच हा रेणू. रक्तातील साखर दीर्घकाळ चढी राहिली, की पेशीतील जादा ग्लुकोजचे सॉर्बिटॉलमध्ये रूपांतर करण्याचे काम अल्डोज रिडक्टेज हे विकर करू लागते. त्यासाठीही एनएडीपीएचच खर्ची पडते. एकाच कोठारावर दोघांचा डल्ला! परिणामी सैनिक हजर असतात, दारूगोळा मात्र अपुरा पडतो.

दिलाशाची बाब अशी, की न्यूट्रोफिल अल्पायुषी असतात. रक्तातील त्यांचा मुक्काम काही तासांचा, फार तर काही दिवसांचा. अस्थिमज्जा रोज अब्जावधी नव्या पेशी घडवत असते. साखर आटोक्यात आली, की त्यांची मारकशक्ती बऱ्याच अंशी सुधारते. एचबीए१सी ही चाचणी सुमारे १२० दिवस जगणाऱ्या तांबड्या पेशींवर बेतलेली असल्याने तिचा आकडा सावकाश उतरतो. म्हणून तो लगेच हलला नाही, तरी पथ्याचा एकही आठवडा वाया गेला असे मानू नये.

अनेक प्रौढांसाठी एचबीए१सीचे उद्दिष्ट ७ टक्क्यांच्या आसपास असते. ब्रिटनमधील अहवालात तेच ५३ मिलिमोल प्रति मोल असे दिसेल. मायदेशी असलेल्या आई-वडिलांच्या अहवालाशी तुलना करताना हा फरक ध्यानी असावा.

बधिर झालेल्या नसा आणि मंदावलेला रक्तपुरवठा यांमुळेही जखमा चिघळतात. तेव्हा रोज तळपाय आणि बोटांच्या बेचक्या तपासाव्यात; लाली, सूज वा स्राव दिसताच डॉक्टरांना गाठावे. पांढऱ्या पेशींचा आकडा पाहून निश्चिंत होण्यापूर्वी साखरेचा रकानाही जरूर वाचावा.